तीनशे बारा पेपर कोणाचे?

विद्यापीठात तिला सगळे रकानाबाई म्हणायचे. तोंडावर नुसतं ‘बाई’, पाठीमागे ‘रकानाबाई’, आणि काम अडलं की ‘अहो बाई, तुमच्याशिवाय आहे कोण आम्हाला!’ जगातल्या विद्यापीठांना नंबर देणाऱ्या ज्या कंपन्या असतात ना, त्यांचे फॉर्म भरायचे हे तिचं काम. शिक्षक किती, विद्यार्थी किती, त्यातले परदेशी किती, पेपर किती छापून आले. एकेका फॉर्मला दोनशे रकाने. जिन्याखालच्या खोलीत तिचं टेबल, दोन लोखंडी कपाटं, आणि डोक्यावरून दिवसभर लोकांचे पाय. पावलांवरून कोण वर चाललंय आणि कोण खाली येतंय ते तिला बरोबर कळायचं. कुलगुरूंची पावलं खाली यायला लागली की ही खुर्चीत ताठ. ते पुढे पार्किंगकडे गेले की मग श्वास.

भित्री म्हणजे किती भित्री? झेरॉक्स मशीनमध्ये कागद अडकला तर ही मशीनला ‘सॉरी’ म्हणायची. ग्रंथपालबाई, तिची एकुलती एक मैत्रीण, म्हणायची, “अगं, तू सावलीला पण ‘आधी तुम्ही’ म्हणशील!” पण एका बाबतीत ही भित्री बाई कुणाच्या बापाचं ऐकायची नाही. आकडा असेल तोच लिहायचा. शून्य असेल तर शून्य. विभागप्रमुख येऊन गोड बोलायचे, “बाई, दोनाचे चार केले तर कुणाचं काय जातंय?” ही मान खाली घालून, कानाच्या पाळ्या लाल करून म्हणायची, “सर, यादी द्या ना चारांची.” यादी कुठून येणार, कपाळ!

अकरा वर्षं तिचं असंच चाललं होतं. अकरा महिन्यांचं कंत्राट, मग एक दिवस घरी, मग पुन्हा अकरा महिने. कायम कधी होणार हे विचारायलाही ती घाबरायची. विचारलं आणि त्यांच्या लक्षात आलं, की अरेच्चा, ही अजून आहे का, तर? नवरा लिफ्ट दुरुस्त करणारा. दिवसभर उंच इमारतींच्या अंधाऱ्या खड्ड्यात लोंबकळायचा, पण बायकोइतका कधी घाबरला नाही. घरात सासूबाई, सरकारी दवाखान्यातल्या निवृत्त नर्स. जीभ अजून ड्युटीवर.

तर झालं काय, की गेल्या हिवाळ्यात फॉर्म भरताना एक रकाना अडला. ‘परदेशी विद्यापीठांबरोबर मिळून लिहिलेले पेपर.’ खरा आकडा होता सात. पण संशोधन कार्यालयाच्या साहेबांची यादीवर सही व्हायची होती, आणि सहीशिवाय लिहिलं तर ती रकानाबाई कसली! तिने तेवढा एक रकाना रिकामा ठेवला. उद्या सही, उद्या सात. आणि त्याच दुपारी घरून फोन, सासूबाई न्हाणीघरात पडल्या, मनगट मोडलं. दोन दिवस दवाखान्यात गेले. मुदत संपली, पोर्टल बंद झालं, आणि फॉर्म होता तसा आपोआप गेला. आठ दिवसांनी तिच्या लक्षात आलं. मग तिनेच मनाची समजूत घातली. सातच तर होते. आपला नंबर आठशे चाळीस, तो आठशे पन्नास होईल. कोण बघतंय!

निकालाच्या दिवशी तिने पान उघडलं. नंबर सहाशे दहा.

तिला वाटलं दुसऱ्याच कुणाचं पान उघडलं. पुन्हा उघडलं. नाव आपलंच. मग ती एकेक रकाना बघत खाली गेली, आणि तिथे, परदेशी पेपरांच्या रकान्यात, लिहिलेलं होतं तीनशे बारा.

कंपनीची नियमांची पुस्तिका तिने कपाटातून काढली. एवढ्या वर्षांत तिचं शेवटचं पान कुणी वाचलं नसेल. अगदी तळाशी, मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलं होतं: रकाना रिकामा असल्यास तेवढ्याच आकाराच्या इतर विद्यापीठांची सरासरी घेतली जाईल. म्हणजे बघा, खरं सात लिहिलं असतं तर सात धरले असते. काहीच लिहिलं नाही तर तीनशे बारा! अकरा वर्षं प्रामाणिकपणे पाच, सहा, सात लिहीत बसली आणि विद्यापीठ तळाशी बसलं. एकदा विसरली, तर दोनशे तीस पायऱ्या वर.

ती उठली. सांगायलाच उठली होती, हे तिच्या बाजूने सांगायला हवं. जिना चढून कुलगुरूंच्या केबिनपर्यंत गेली. पण दार उघडलं तर आत माणसंच माणसं, फुलांचे गुच्छ, फोटो. कुलगुरू खुर्चीतून उठून म्हणाले, “या, या! हे बघा, हिने फॉर्म भरला! अकरा वर्षं कंत्राटावर राबतेय बिचारी. मी आज सगळ्यांसमोर सांगतो, बाईंची कायमची ऑर्डर याच महिन्यात निघणार!”

टाळ्या वाजल्या. आणि रकानाबाईचं तोंड जे उघडलं होतं, ते तसंच उघडं राहिलं. लोकांना वाटलं आनंदाने.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं, सासूबाईंना सांगितलं. नवरा जेवता जेवता थांबला. “मग सांग की उद्या.”

“ऑर्डर हातात आल्यावर सांगू का?” ती म्हणाली. आणि स्वतःचाच आवाज ऐकून दचकली.

सासूबाई प्लास्टरातला हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या. म्हणाल्या, “आमच्या वॉर्डात तापाच्या तक्त्यात जागा रिकामी राहिली, तर तिचा अर्थ एकच, नर्सने ताप बघितलाच नाही. डॉक्टर येऊन बाजूच्या पेशंटचा ताप तिथे लिहीत नसत.”

“आई, तुम्ही पडलात म्हणून तर—”

“हो, घाल माझ्याच मनगटावर! एक मोडलंय, दुसरं पण घे.”

हसलं कुणीच नाही, पण सासूबाईंनी तिच्या ताटात स्वतःच्या ताटातला घास सरकवला. त्या दिवसापासून रकानाबाईचं जेवण अर्ध्यावर आलं.

दुसऱ्या दिवशी फाटकावर फलक लागला. ‘तीनशे बारा आंतरराष्ट्रीय शोधनिबंध!’ अक्षरं पुरुषभर उंच. ती रोज मान खाली घालून त्याच्या खालून जायची, जणू पडेल डोक्यावर. रोज ठरवायची आज सांगू. रोज काहीतरी व्हायचं. खोटं बोलायला तिने कधी तोंड उघडलं नाही, बरं का. नुसतं बंद ठेवलं. पण बंद तोंडाचं व्याज असं चढतं, की पहिल्या दिवशी एका वाक्यात संपलं असतं ते पंधराव्या दिवशी जिभेवर मावेना.

आणि गंमत काय, एवढ्या मोठ्या विद्यापीठात एकानेही विचारलं नाही, की बाबांनो, हे तीनशे बारा आले कुठून? उलट! कुलगुरूंनी पुस्तिका काढायची म्हणून सगळ्या विभागांना पत्र पाठवलं, तीनशे बारापैकी आपले किती ते कळवा. आणि उत्तरं आली! रसायनवाले म्हणे एकशे चाळीस आमचे. भौतिकवाले म्हणे पंच्याण्णव. शेतीवाले, संगणकवाले, सगळे आयत्या बिळावर नागोबा होऊन बसले. तिने बेरीज केली. चारशे सदतीस.

तिने तो कागद कुलगुरूंसमोर ठेवला. वाटलं, आता तरी यांच्या डोक्यात उजेड पडेल. “साहेब, बेरीज... जरा बघा ना.”

कुलगुरूंनी चष्मा वर केला. “चारशे सदतीस? वा! पण फलकावर तीनशे बारा छापलंय.” क्षणभर विचार केला. “सव्वाशे कमी करा.”

“कुठले करू?”

“करा हो कुठलेही. भाषावाल्यांचे करा, ते भांडत नाहीत.”

रसायनवाले सर स्वतः यादी घेऊन तिच्या खोलीत आले. हे सर म्हणजे एक नमुना. नंबर आठशे चाळीस होता तेव्हा हेच सर दर सभेत टेबल बडवायचे. ही क्रमवारी म्हणजे श्रीमंत देशांनी श्रीमंत देशांसाठी लावलेली शर्यत आहे, आपण पळतो अनवाणी आणि घड्याळ त्यांच्या हातात! आता नंबर सहाशे दहा झाल्यापासून त्यांना त्याच क्रमवारीत विज्ञान दिसायला लागलं होतं. रकानाबाईने यादी चाळली. “सर, यातल्या बऱ्याच पेपरात परदेशी लेखक दिसत नाही.”

“शेवटी आभार बघा. परदेशातल्या माणसाचे आभार मानलेत.”

“आभार मानले म्हणजे मिळून लिहिला, असं कसं?”

“अहो, त्यांनी प्रयोगाची पावडर पाठवली होती! पावडर नसती तर पेपर नसता.” सर दारातून मागे वळले. “आणि बाई, तुमची ऑर्डर निघतेय ना? शुभेच्छा हं.”

त्या ‘हं’चा अर्थ तिला बरोबर कळला.

मग आलं कंपनीचं पत्र. ज्यांचा नंबर शंभराहून जास्त वर गेला, त्यांची तपासणी होते. प्रतिनिधी येतील, परदेशी पेपरांची यादी तयार ठेवावी, आणि यादीच्या प्रत्येक पानावर आकडे भरणाऱ्या व्यक्तीची सही हवी. माहिती खोटी निघाल्यास विद्यापीठ तीन वर्षं यादीबाहेर, आणि सही करणाऱ्याचं नाव जाहीर. म्हणजे तिचंच नाव. खोलीचं दार लावून ती कपाटाला टेकून उभी राहिली. डोक्यावरून पाय जात होते, येत होते. प्रत्येक पाय आता आपल्याच दाराशी थांबणार असं वाटत होतं. कंत्राट महिनाअखेरीला संपत होतं. ऑर्डरवर कुलगुरूंची सही झाली होती, कागद त्यांच्या खणात होता, हे त्यांच्या शिपायाने तिला तीनदा सांगितलं होतं. यादीवर सही केली तर ऑर्डर मिळणार, आणि मग कधीतरी नाव जाहीर होणार. नाही केली, तर महिनाअखेरीला घरी.

त्याच आठवड्यात तिच्या खिडकीशी एक गृहस्थ आले. खिडकी चौकशीची नव्हती, पण जिन्याखाली असल्यामुळे चुकलेली माणसं तिथेच यायची. बरोबर मुलगी, पायाशी बॅग. दूरच्या गावाहून आले होते. हातात वर्तमानपत्राचं कात्रण, चार घड्या घालून मऊ झालेलं. “इथे तीनशे बारा पेपर परदेशी लोकांबरोबर लिहिलेत, असं आहे यात. म्हणजे हिला पण तसं काम करायला मिळेल ना, मॅडम?”

मुलगी म्हणाली, “बाबा, त्यांना कसं माहीत असेल?”

“अगं, विचारायला काय जातंय. घराजवळच्या कॉलेजात हिला जागा मिळाली होती. तिथले सर चांगलेत हो, पण त्यांचा नंबरच नाही कुठे. ती सोडून इथे आलो.”

रकानाबाईला सात म्हणायचं होतं. सातातले चार निवृत्त झालेल्या एका सरांचे होते, हेही म्हणायचं होतं. ती म्हणाली, “चौकशी पलीकडच्या खिडकीत.” ते दोघं आभार मानून गेले. इतका वेळ तिला भीती होती ती पकडलं जाण्याची. आता न पकडलं जाण्याचीही वाटायला लागली.

ग्रंथपालबाईला तिने शेवटी सगळं सांगितलं, पुस्तकांच्या मागच्या रांगेत उभी राहून, कुजबुजत. ग्रंथपालबाई पहिल्यांदा हसली, मग हसू आवरून तिचा हात धरला. बर्फ झालेला होता. “झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, ती ही,” ग्रंथपालबाई म्हणाली. “अगं, मी परवाच्या वादविवादात विरोधात बोलणार आहे. सांगू का हे?”

“नको! तुझ्या पाया पडते.”

“मग तू सांग.”

“मी? तिथे? माइकवर?” ती इतकी पांढरी पडली की ग्रंथपालबाईने तिला स्टुलावर बसवलं.

वादविवाद हे कुलगुरूंचं डोकं. कंपनीची प्रतिनिधी पाहुणी म्हणून येणारच आहे, तर तिच्यासमोर खुली चर्चा ठेवू, ‘जागतिक क्रमवारी न्याय्य आहे का?’ म्हणजे आपण किती उदार मनाचे ते दिसेल. बाजूने रसायनवाले सर, विरोधात ग्रंथपालबाई. शेवटी पाहुणी बोलणार, मग यादीवर रकानाबाईची सही, मग फोटो.

त्या दिवशी सभागृह भरलं होतं. रकानाबाईला स्टेजच्या कडेला एक छोटं टेबल दिलं होतं, त्यावर यादी. तीनशे बारा ओळी, सोळा पानं, पेन. तिने सव्वाशे कमी केले होते, सांगितल्याप्रमाणे. हात करत होते आणि ती दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखी बघत होती. तळवे इतके घामेजले होते की पहिल्या पानाचा कोपरा ओला झाला.

रसायनवाले सर बोलले. छानच बोलले, खोटं कशाला सांगा. म्हणाले, पूर्वी आपल्याकडे कुठलीच नोंद धड नसायची. कोण किती शिकवतो, कोण काय लिहितो, कुणाला पत्ता नव्हता. या क्रमवारीच्या धाकाने आपण निदान मोजायला लागलो. दूर गावातल्या बापाला कोण सांगणार कुठलं विद्यापीठ चांगलं? त्याच्या हातात निदान एक आकडा तरी येतो. “ज्यांचा नंबर खाली, तेच शर्यतीला नावं ठेवतात. नाचता येईना, अंगण वाकडं!”

“मागच्या वर्षी तुमचं अंगण केवढं वाकडं होतं, सर!” मागून कुणीतरी ओरडलं. हशा झाला. सर पण हसले, जरा उशिरा.

ग्रंथपालबाई उठली. तिने कागद घेतला नव्हता. “आपल्या नर्सिंगच्या मुली,” ती म्हणाली, “या भागातल्या निम्म्या बाळंतपणांना हजर असतात. सांगा, ते कुठल्या रकान्यात? आपल्या भाषेत लिहिलेला पेपर यांना दिसत नाही, कारण वाचणारा त्यांच्याकडे नाही. आणि नावलौकिक मोजतात कसा, तर हजारो मैलांवरच्या प्राध्यापकाला विचारतात, हे विद्यापीठ तुम्ही ऐकलंय का? नाही ऐकलं. झालं, लौकिक शून्य. मी त्यांचं नाव ऐकलं नाही, म्हणून त्यांचा लौकिक कधी कमी झालेला पाहिलाय का? उंटावर बसून शेळ्या हाकायच्या, आणि वर शेळ्यांनाच नंबर द्यायचे!”

टाळ्या पडल्या. कुलगुरूंनीही वाजवल्या, तीन बोटांनी.

मग पाहुणी उठली. साधी, बुटकी, दमलेली बाई. आवाज शांत. तीच शांतता रकानाबाईला जास्त भीतीची वाटली. पाहुणी म्हणाली, तुमचे काही आक्षेप खरे आहेत. आम्ही सगळं मोजत नाही, मोजता येतं तेच मोजतो. “पण एक गोष्ट मी छातीवर हात ठेवून सांगते. आम्ही आमच्या मनाचा एकही आकडा घालत नाही. तुम्ही देता तेच आम्ही छापतो. आमची यादी तुमच्याइतकीच प्रामाणिक आहे.”

“घालता.”

सभागृहात सगळ्यांनी मान वळवली. रकानाबाईनेही वळवली, कोण बोललं ते बघायला. मग तिला कळलं, की आपणच.

“काय म्हणालात?” पाहुणीने विचारलं.

कुलगुरू हसत हसत उठायला लागले. “काही नाही, काही नाही, बाई जरा थकल्यात...”

रकानाबाई उभी राहिली. धक्का लागून टेबलावरचं पेन घरंगळून पडलं. माइक नव्हताच तिच्यासमोर, आणि तेच बरं झालं. आवाज बारीक, पण सभागृह इतकं गप्प होतं की शेवटच्या रांगेपर्यंत गेला. “तीनशे बारा तुमचाच आकडा आहे, मॅडम. मी तो रकाना रिकामा सोडला होता. सही राहिली होती म्हणून. तुमच्या पुस्तिकेच्या शेवटच्या पानावर आहे नियम. रिकामा असेल तर तुम्ही सरासरी घालता. आमचे खरे सात आहेत. मागच्या वर्षी सहा होते, ते लिहिले होते, तर आमचा नंबर आठशे चाळीस होता.” ती थांबली. “चूक माझी आहे. मी निकालाच्याच दिवशी सांगायला हवं होतं. घाबरले.”

पाहुणीने लॅपटॉप उघडला. पडद्यावर बाणाची खूण फिरत राहिली. एवढ्या वेळात रकानाबाईने तीनदा मरून घेतलं. मग पाहुणी म्हणाली, हळूच, “हो. रिकामा आहे.” तिचाही चेहरा उतरला होता. आत्ताच छातीवर हात ठेवून बोलली होती ना!

आणि मग तिने तो प्रश्न विचारला, अगदी निरागसपणे. टेबलावरची सोळा पानं उचलून चाळत ती म्हणाली, “मग ही तीनशे बारा पेपरांची यादी कुणी दिली?”

काय सांगू, रसायनवाले सर बुटाची नाडी बांधायला वाकले ते वर आलेच नाहीत. त्यांच्या बुटाला नाडी नव्हती. भौतिकवाल्यांनी छतावरचे पंखे मोजले. अख्ख्या सभागृहात एकाच माणसाने नजर चुकवली नाही, ती म्हणजे रकानाबाई. तिला कुठे बघावं हेच सुचत नव्हतं.

नंतर कुलगुरूंनी तिला बोलावलं. दार लावलं. ओरडतील असं तिला वाटलं होतं. ओरडले नाहीत, ते जास्त वाईट. ऑर्डरचा कागद त्यांच्या समोर होता. “एवढ्या लोकांसमोर,” ते म्हणाले. “मला एकट्याला येऊन सांगता आलं नसतं?”

“आले होते, साहेब. गुच्छ होते.”

त्यांनी कागद उचलला, पुन्हा ठेवला. धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय, अशी गत झाली होती त्यांची. ऑर्डर फाडली तर उद्या वर्तमानपत्र विचारणार, का फाडली, खरं बोलली म्हणून? दिली, तर विभागप्रमुख विचारणार, हिला बक्षीस देता? शेवटी म्हणाले, “जा तुम्ही. बघू.”

‘बघू’ या शब्दावर रकानाबाईने पुढचे एकोणीस दिवस काढले. फलक उतरवला. तिने दुरुस्ती भरली, सात, आणि नंबर आठशे बावन्नवर गेला. जिन्यातून जाणारी माणसं तिच्या दाराशी आली की बोलणं थांबवायची. खिडकीशी कुणी आलं की तिला तो बाप आठवायचा. त्या मुलीने प्रवेश घेतला की परत गेली, हे विचारायचं धाडस तिला झालं नाही. नवऱ्याने एकदाच विचारलं, “पश्चात्ताप होतोय?” ती म्हणाली, “नाही. भीती वाटतेय.” तो म्हणाला, “मग जेव.” आणि ती खरंच जेवली, पूर्ण. सासूबाई म्हणाल्या, “आली बाई भूक! नोकरी जायच्या मुहूर्तावर.”

कंत्राटाच्या शेवटच्या दिवशी तिने कपाटांच्या किल्ल्या पाकिटात घातल्या आणि कार्यालयात द्यायला वर गेली. तिथे भलताच गोंधळ चालला होता. कंपनीने नवा नियम काढला होता. यापुढे रकाना रिकामा चालणार नाही, आणि प्रत्येक आकड्याखाली भरणाऱ्याची सही. कुलगुरूंनी तिची जागा घ्यायला पाच जणांना विचारलं होतं. एकाचे डोळे अधू निघाले, एकीची बदली व्हायची होती, एकाने चक्क रजा टाकली. चारशे सदतीस पेपरवाल्या विद्यापीठात सही करायला एक माणूस मिळेना.

कुलगुरूंनी खण उघडला. ऑर्डर काढली, तिच्याकडे न बघता पुढे सरकवली. “किल्ल्या ठेवा तुमच्याकडेच.”

तिने कागद दोनदा वाचला. शेवटी एक ओळ नवीन, हाताने लिहिलेली होती: सर्व आकड्यांची जबाबदारी सदर कर्मचाऱ्याची राहील. कायम झाली होती, आणि आता दरवर्षी दोनशे रकाने, दोनशे सह्या. पेन मागितलं. सही वाकडी आली, पण तिचीच होती.

खाली खोलीत येऊन बसते न बसते तोच जिन्यावरून पावलं आली आणि दाराशी थांबली. रसायनवाले सर. आत आले, दार लोटलं, खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. “बाई, नवीन फॉर्म उघडलाय ना? आमच्या विभागाचा परदेशी पेपरांचा आकडा द्यायचा होता.”

“द्या ना, सर.”

सर काहीतरी पुटपुटले.

“किती?” तिने कान पुढे केला. खरंच ऐकू आलं नव्हतं.

“दोन हो, दोन!” सर दाराकडे बघत म्हणाले. “हळू बोला ना जरा.”